हळदीच्या वरची साल

शेषराव हटवारांचं हृदय एकवीस टक्क्यांवर आलं होतं. हृदयाच्या डाव्या कप्प्यात जेवढं रक्त भरतं, त्यातलं किती बाहेर फेकलं जातं याचा हा आकडा. शंभर कुणाचाच नसतो, धडधाकट माणूस साठाच्या आसपास असतो, असं नागपूरच्या डॉक्टरांनी समजावलं.

“म्हणजे पस्तीसले पास का जी?” शेषरावांनी विचारलं.

“चाळीसच्या खाली काळजी करायची.”

“मंग तं ग्रेस मार्क देऊनही जमत नाही.”

डॉक्टर हसले नाहीत. शेषरावांची बायको कुंदाही हसली नाही. पण ती त्यांच्या विनोदांना चौतीस वर्षांत एकदाही हसलेली नव्हती, त्यामुळे त्यावरून काही निदान होत नव्हतं.

“तुम्हाला झाड जोडून देऊ,” डॉक्टर म्हणाले.

“झाड? यायले?” कुंदा पहिल्यांदा बोलली. “डॉक्टरसाहेब, तोडून टाकतील हे.”

तिच्या बोलण्याला आधार होता. शेषराव वीज मंडळात लाइनमन होते. तारांच्या आड येणाऱ्या फांद्या छाटण्यातच त्यांची सगळी नोकरी सरली. वैनगंगेच्या काठी, भंडारा जिल्ह्यातल्या त्यांच्या सावरटोला गावात एकच वड होता. नवी लाइन ओढायची होती तेव्हा तोही त्यांनीच पाडला. तेव्हापासून कुंदानं वटपौर्णिमा बंद केली. ज्याच्यासाठी वड पुजायचा त्यानंच वड पाडला, तर पुजायचं कोणाला आणि मागायचं काय, असं तिचं म्हणणं होतं. शेषरावांनी तिला बाजारातून फांदी आणून देऊ केली होती. ती फांदी तिनं बकरीला घातली.

हे दोन हजार एक्केचाळीस सालचं. तोवर झाड जोडून देणं चष्म्याचा नंबर काढून देण्याइतकं साधं झालं होतं.

अर्जुनाची साल दुधात उकळून हृदयासाठी घ्यायची, ही पद्धत जुनीच. पण कुणाला गुण यायचा, कुणाला नुसतं दूध मिळायचं. तपासणाऱ्यांचे दोन तट पडले होते आणि दोघांकडेही बरे झालेले आणि मेलेले पेशंट सारखेच होते. मग उलगडा झाला. औषध साल एकटी बनवतच नव्हती. सालीच्या आत, पेशींच्या फटींत, एक बुरशी राहते. झाड तिला साखर पुरवतं आणि ती झाडातल्या एका रसायनाची मोडतोड करून नवाच रेणू तयार करते. हा रेणू पोटात गेल्यावर आतड्यातल्या जिवाणूंनी आणखी फोडावा लागतो, तेव्हा कुठे तो थकलेल्या हृदयाच्या स्नायूला उठवून बसवतो. आता प्रत्येक झाडावरच्या बुरशीचं वाण वेगळं आणि प्रत्येकाच्या पोटातले जिवाणू वेगळे. म्हणजे शेजाऱ्याचं झाड आपल्याला चालेलच असं नाही. पत्रिका जुळवतात तसं पोट आणि झाड जुळवावं लागतं. आणि पत्रिकेचं असतं त्याच्या उलट, इथे जुळलं की खरंच काही व्हायचं.

दोन अडचणी होत्या. एक म्हणजे ही बुरशी जिवंत सालीबाहेर जगत नसे. स्टीलच्या टाक्यांमध्ये ती अकराव्या दिवशी मरायची. शास्त्रज्ञांनी तिला नदीचं पाणी दिलं, अंधार दिला, एका गटानं तर सनई ऐकवली. ती अकराव्याच दिवशी मेली. दुसरी अडचण जास्त वाईट होती. हृदयाचा जो स्नायू या रेणूच्या जोरावर उठायचा, तो त्याच्याच जोरावर उभा राहायचा. साल बंद झाली की सहा आठवड्यांत आकडा कोसळायचा आणि मूळच्यापेक्षाही खाली जायचा. डॉक्टरांनी हा भाग शेषरावांना दोनदा वाचून दाखवला आणि खाली सही घेतली.

शेषरावांचं पोट जिल्ह्यातल्या एकाच झाडाशी जुळलं. ते झाड सावरटोल्याच्याच स्मशानघाटावर होतं.

“काय वाईट आहे त्याच्यात?” शेषराव कुंदाला म्हणाले. “इलाज नाही जमला तं जाणं-येणं वाचते.”

त्या झाडावर पाच माणसं होती. वृक्षजोड कार्यालयाच्या भाषेत ते सहलाभार्थी, आपसांत मात्र सालभाऊ. दर पंधरा दिवसांनी साल काढली जायची तेव्हा पाचही जण घाटावर यायचे. दोघं लांबच्या गावांतले, ते पुडी घेऊन लगेच निघायचे. तिघं थांबायचे. शेषराव, भंडाऱ्याचे निखाडे वकील आणि आरती मेश्राम. आरती शेजारच्या गावची, एकोणतीस वर्षांची. बाळंतपणात तिचं हृदय बसलं ते उठलंच नव्हतं. तिचा नवरा सुमेध दीड वर्षाच्या पोरीला खांद्यावर घेऊन यायचा आणि निघताना झाडाला बादलीभर पाणी घालून जायचा.

“एकाच झाडाचे आपण,” वकील म्हणायचे. “वारसाहक्क लागतो का, बघावं लागेल.”

“तुम्ही आधी मरून दाखवा, काका, मग मी केस टाकते,” आरती म्हणायची.

घाटावर एखादी चिता पेटलेली असली तरी हे हसणं थांबत नसे. आलेली मंडळी आधी रागानं बघायची, मग कोणी तरी त्यांच्या कानात सांगायचं, की हे हृदयाचे आहेत. मग ती मंडळी सहानुभूतीनं बघायची, आणि ते जास्त त्रासदायक व्हायचं.

कुंदा रोज सकाळी सालीची भरड दुधात आणि चौपट पाण्यात घालून, पाणी आटून नुसतं दूध उरेपर्यंत मंद आचेवर उकळायची. त्याला पाऊण तास लागायचा. या पाऊण तासात ती चुलीसमोरून उठत नसे, फोन घेत नसे आणि शेषरावांना बोलू देत नसे. आठ महिन्यांत आकडा एकवीसवरून त्रेचाळीसवर गेला. शेषराव दुसऱ्या मजल्यावरच्या बँकेत जिन्यानं चढून गेले. काम काहीच नव्हतं. मॅनेजरला नमस्कार करून खाली आले.

त्या दिवशी कुंदा त्यांच्या गाडीवर बसली आणि तिनं घाटावर न्यायला सांगितलं. सावरटोल्यात बायका घाटावर जात नाहीत. अंत्ययात्रेतही नाही. कुंदा गेली. झाडासमोर बराच वेळ उभी राहिली. पांढुरकं, गुळगुळीत, तीन माणसांच्या कवेत मावेल एवढं खोड. चौकोनी पट्ट्यांत काढलेली साल आणि तिथे नव्यानं धरत असलेलं गुलाबी सालपट.

“याच्यावर आहात तुम्ही,” ती म्हणाली.

“हो.”

“तोडाचं नाही.”

“आता कोण तोडते? आता तं सरकारही तोडू शकत नाही.”

“सरकारचं मले माहीत नाही. मी तुमाले सांगून रायली.”

ज्येष्ठातली पौर्णिमा आली तेव्हा कुंदानं एकोणीस वर्षांनी नववारी काढली. तिनं इतर सालभावांच्या बायकांना फोन केले होते. पण गावाला कळायला फोन लागत नाही. सकाळी आठला घाटावर साठ-सत्तर बायका जमल्या. त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. वडाचा काही पुरावा नाही, या झाडाचा लॅब रिपोर्ट आहे. पाच माणसं जिवंत ठेवल्याचं सरकारी सर्टिफिकेट ज्या झाडाला आहे, ते सोडून बाजारातल्या फांदीला दोरा गुंडाळायचा, म्हणजे हातचा एमबीबीएस सोडून कंपाउंडरकडे जाणं झालं.

निखाडे वकिलांच्या बायकोनं पूजा सांगितली. दोरे बांधले. ओट्या भरल्या. आरती पाराच्या कडेला पोरीला घेऊन बसली होती. तिच्या घरी हे व्रत-वैकल्य नव्हतं, पण झाड इतकं नटलेलं बघून तिला बरं वाटलं. तिनं फोटो काढून सगळ्यांना पाठवला.

आणि हळद. कुंदानं भावाच्या शेतातली हळद मागवली होती, चार किलो. घरी उकडलेली, घरी दळलेली, तेलात कालवलेली, म्हणजे पावसानं धुऊन जायला नको. तिनं स्वतःच्या हातानं खोडाला ती लिंपली. बाकीच्या बायकांनीही हात लावले. उंच बायकांनी टाचा उंचावून वर लावली. दहा वाजेस्तोवर मुळापासून सात फुटांपर्यंत झाड पिवळंधम्मक झालं होतं.

हळद चांगली होती. बाजारातली भेसळीची असती, तर पुढचं काही झालं नसतं.

तीन आठवड्यांनी शेषरावांच्या छातीवरची चकती बोलली. ही चकती रोज सकाळी आकडा मोजायची आणि एरवी गप्प असायची. आज ती पुण्याच्या मराठीत म्हणाली, “आपल्या हृदयाचं कार्य अडतीस टक्के आहे. कृपया आपल्या झाडाशी संपर्क साधा.”

“झाडाले फोन लावू का?” शेषराव म्हणाले. चार दिवसांनी तेहतीस झाले.

वृक्षजोड कार्यालयातून रहांगडाले मॅडम आल्या. त्यांचं शिक्षण बुरशीचं होतं आणि बोलणं बुरशीइतकंच कमी. त्यांनी खोडाचे नमुने नेले आणि आठवड्यानं हटवारांच्या घरी परत आल्या. कुंदा गिरणीवर गेली होती.

“बुरशी मेली,” त्या म्हणाल्या. “झाड जिवंत आहे. सालही चांगली आहे. फक्त आता ती साल आहे, औषध नाही.”

“काहून मेली?”

“हळद.”

शेषरावांनी दाराबाहेर, गिरणीच्या वाटेकडे बघितलं.

“हळद बुरशी मारते. म्हणून तर आपण जखमेवर लावतो, लोणच्यात घालतो. ही बुरशी कामाची आहे, हे हळदीला कसं कळणार? त्यात तेलात कालवलेली. तीन आठवडे मुरत राहिली.” मॅडमनी टॅब उघडला. “कोणी लावली?”

“साठ-सत्तर बायका होत्या.”

“आणली कोणी?”

शेषरावांनी त्यांना पाणी आणून दिलं. मग म्हणाले, “दुसरं झाड?”

“तुम्हा पाचांना जुळणारं विदर्भात नाही. बाहेर शोधायला दोन वर्षं लागतात.” सहा आठवड्यांचं गणित दोघांनाही येत होतं, म्हणून ते कोणी केलं नाही.

“मॅडम, रिपोर्टमध्ये हळद नका लिहू.”

“लॅबला जे सापडतं ते मी लिहिते, काका. सोमवारी अहवाल पाठवायचा आहे. तो पाचही घरी जातो.”

त्या गेल्यावर कुंदा पिठाचा डबा घेऊन आली. म्हणाली, “मॅडमची गाडी दिसली. काय म्हणते झाड?”

“बघून रायले,” शेषराव म्हणाले. “वाळवी असंल म्हणतात.”

“मंग पुढल्या खेपेला मी आणखी हळद लावतो. हळदीनं वाळवी जाते.”

शेषरावांच्या लक्षात आलं की ही बाई सोमवारी अहवाल वाचेल. पाच माणसं आपण आपल्या हातानं लिंपून मारली, हे वाचेल. मग सकाळी उठून पाऊण तास चुलीसमोर बसेल आणि तिच्याजवळ उकळायला काही नसेल. स्वतःच्या मरणाचा विचार त्यांनी त्या मानानं कमी केला. ते मरण लेखी होतं, सहीसकट.

लॅबला जे सापडेल ते मॅडम लिहिणार होत्या. म्हणजे लॅबला दुसरं काही सापडलं पाहिजे.

जुन्या लाइनमनच्या घरी ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा एक डबा असतोच. गुडघ्याला, बिजागरीला, वाळवीला, सगळ्याला तेच. शेषराव सोमवारी फटफटायच्या आधी शिडी, ब्रश आणि डबा घेऊन घाटावर पोचले. खोडाला तेल लावायला घेतलं. आणि मग त्यांच्या डोक्यात एक बिनचूक विचार आला. हळद आहे तेवढ्यातच तेल लावलं, तर लोक म्हणतील हळदीनंच झालं. तेल हळदीच्या वरही पाहिजे. जिथे हळद पोचलीच नाही तिथे तेल असेल, तरच दोष तेलाचा.

ते शिडीवर चढले. एकतीस टक्क्यांच्या माणसानं चढू नये, पण चौतीस वर्षं दुसरं काही केलं नव्हतं. दोन पायऱ्या चढायचे, शिडीला कपाळ टेकून थांबायचे, पुन्हा चढायचे. अर्धवट काम करायची सवय नव्हती. सात फुटांपासून बावीस फुटांपर्यंत, फांद्यांच्या बेचक्यांसकट, एक बोट जागा कोरडी सोडली नाही. इतकं नेटकं काम त्यांनी नोकरीतही केलं नव्हतं.

खाली उतरले तेव्हा रहांगडाले मॅडम उभ्या होत्या. हातात पिशव्या, चाकू, आणि चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू असावं असं काही, जे आता विझत चाललं होतं.

“काय करताय काका?”

“तेल लावलं. लिहा आता. शेषराव हटवार यांनी वाळवीसाठी ट्रान्सफॉर्मरचं तेल लावलं, म्हणून बुरशी मेली. लॅबले सापडंल.”

मॅडम वर बघत होत्या. “कुठपर्यंत लावलं?”

“वरपर्यंत.”

“बेचक्यात?”

“बेचक्यात तं दोन हात मारले.”

मॅडम पाराच्या कट्ट्यावर बसल्या. हातातल्या पिशव्या बाजूला ठेवून म्हणाल्या, “शंका आली म्हणून मी शुक्रवारी ड्रोननं वरचे नमुने घेतले होते. रात्री रिपोर्ट आला. सात फुटांच्या वर बुरशी जिवंत होती. हळद पोचली नव्हती तिथपर्यंत.”

“किती?”

“थोडी. एका माणसाला पुरली असती. नियमानं सगळ्यात लहान पेशंटला देतात. दोन पावसाळ्यांत ती खालीही उतरली असती.”

सगळ्यात लहान पेशंट कोण, हे विचारायची गरज नव्हती. शेषरावांनी ब्रश डब्यात ठेवला. मग बाहेर काढला. मग सदऱ्यानं बेचक्यातलं तेल पुसायला म्हणून पुन्हा शिडीला हात घातला. मॅडमनी त्यांना धरून खाली बसवलं.

“मुरलं ते काका. नका चढू.”

“फोन काहून नाही केला जी?”

“बातमी चांगली होती. वाटलं, प्रत्यक्ष सांगावी.” त्यांनी टॅब उघडला आणि अहवालावर बोट फिरवलं. “तुम्हाला पाहिजे ते लिहिते. आता ते खरंही आहे.”

अहवाल पाचही घरी गेला. निखाडे वकिलांनी नोटीस टाइप करायला घेतली आणि तिसऱ्या परिच्छेदावर त्यांना दम लागला. त्यांच्या बायकोनं ती पूर्ण करून पाठवली. गावात कुणालाही आश्चर्य वाटलं नाही. ज्यानं वड पाडला त्यानं अर्जुन मारला. काही जणांनी तर असं काही होणार हे आपण आधीच ओळखलं होतं, असंही सांगितलं.

आरती एकदाच आली, सुमेधच्या आधारानं. अंगणातल्या तीन पायऱ्या तिला चढवेनात, म्हणून खालच्या पायरीवर बसली. शेषरावांनाही उतरवेना, म्हणून ते वरच्या पायरीवर बसले.

“काका, तुम्ही तर लाइनवाले,” ती म्हणाली. “कुठल्या वायरला हात लावायचा नाही, तुम्हाला माहीत पाहिजे होतं ना?”

“पाहिजे होतं.”

“शिव्या द्यायला आले होते मी. पण दम पुरत नाही.”

“बसून दे. थांबतो मी.”

ती थोडं हसली आणि मग रडली. तेवढ्यात पोरगी अंगणातल्या कोंबडीमागे धावत सुटली आणि तिला धरायला सुमेधला पळावं लागलं. बावीस दिवसांनी आरती गेली. बौद्ध विहारातल्या वंदनेला कुंदा एकटी जाऊन आली.

कुंदा घरात बोलत नव्हती. शेषरावांशी बोलायचं असलं की ती भिंतीशी बोलायची. “म्हणावं, गोळ्या घ्या.” “म्हणावं, पाय उंच ठेवा, सूज आली.” चूल ती पेटवायची, पण पाऊण तास बसायची नाही. चकती अठरा म्हणाली, मग सोळा. झाडाशी संपर्क साधायला सांगणं तिनं केव्हाच बंद केलं होतं. कार्यालयानं तशी दुरुस्ती केली असावी.

भाद्रपदातल्या एका दुपारी कुंदा आत आली आणि खाटेजवळ स्टूल ओढून बसली. भिंतीकडे न बघता बोलली.

“एक सांगा. वाळवी कुठं होती?”

“खोडाले.”

“मी पूजा केली त्या दिवशी सगळं खोड हातानं पाहिलं. त्याच्यानंतरही दोनदा गेली. एक वाळवी नव्हती.” तिचे हात मांडीवर होते, नखांच्या कडांना अजून जरासा पिवळा रंग होता, रोजच्या स्वयंपाकाचा असेल. “तुमचा आकडा तं तेलाच्या आधीच पडत होता. मी मांडून पाहिलं. पूजेनंतर पडाले लागला.”

चौतीस वर्षांत ही बाई हिशेबात कधी चुकली नव्हती. आणखी एक दिवस दिला तर ती उत्तरापर्यंत पोचणार होती. त्यांना वाटलं, सांगून टाकावं. सांगितलं तर ती आत्ता हात धरेल. एक महिना झाला, तिनं हात धरला नव्हता.

“वाळवी नव्हती,” ते म्हणाले.

“मंग?”

“तेल मी पहिले पूजेच्या दुसऱ्याच दिवशी लावलं. सोमवारी लावलं ते दुसऱ्यांदा.”

“काहून?”

“तू हळद फासून ठेवली होती. सारा गाव हसत होता, हटवारच्या बायकोनं झाडाचं लगन लावलं म्हणून. मले लाज वाटली. पुसून काढाले गेलो. पाण्यानं निघंना, म्हणून तेल. तेलानंही नाही निघाली.”

कुंदानं मांडीवरचे हात उलटे करून पाहिले.

“माझी हळद पुसाले,” ती म्हणाली.

“हो.”

“तिच्यानं काही झालं नव्हतं.”

“तिच्यानं काय होते? हळद ते हळद.”

तिनं मान हलवली. हळूहळू, दोनदा, एखादं उत्तर ताळ्याला जुळल्यावर हलवतात तशी. तिचा चेहरा इतका सैल पडला की क्षणभर तो समाधानासारखा दिसला. ती उठली. स्टूल जागच्या जागी ठेवलं. दाराशी जाऊन, पाठ फिरवूनच म्हणाली, “आरतीची पोरगी मोठी झाली की मी तिले सांगणार आहे, तुझ्या मायले कोणं मारलं ते.”

“सांग,” शेषराव म्हणाले. “पूर्ण नाव सांग.”